दोन शिखरे आणि एक जुने नाव: उंच पर्वतावरील बेडकाच्या नव्या प्रजातीचे प्रकरण

पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातल्या एका पर्वतरांगेच्या माथ्यावर, वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ पट्ट्यात, एका संशोधन पथकाला लहान आकाराचे बेडूक आढळले आणि ते कोणत्याही ज्ञात वर्णनाशी जुळेनात. पुढे त्यांचे काय झाले, ते नवे कसे ठरले आणि त्यांतले सगळेच नवे का ठरले नाहीत, याची ही नोंद आहे. पर्वत, माणसे आणि बेडकाचा वंश यांची ओळख पटणार नाही अशी मांडणी मुद्दाम केली आहे; नियम, पद्धती आणि इतर प्रजातींची उदाहरणे मात्र नावानिशी दिली आहेत.

उंच शिखरांवर नवे बेडूक सापडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढले की हवेचे तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. थंड, ओलसर माथ्याला सरावलेला बेडूक खालच्या उबदार दरीतून पलीकडच्या शिखरावर सहसा जात नाही, आणि ज्या बेडकांच्या अंड्यांतून डिंभाची, म्हणजे पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची, अवस्था न येता थेट छोटे बेडूक बाहेर पडतात त्यांना तर पाण्याच्या प्रवाहाबरोबर पसरण्याचीही सोय नसते. त्यामुळे शेजारशेजारची शिखरे दीर्घकाळ परस्परांपासून तुटून राहतात. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातील शिखरांवरून ब्रॅकीसेफॅलस या वंशाच्या सात नव्या प्रजाती २०१५ मध्ये एकाच शोधनिबंधातून जाहीर झाल्या. पश्चिम घाटातील सर्वोच्च शिखर अनामुडी (२,६९५ मीटर) येथील राओर्केस्टेस रेस्प्लेंडेन्स या नारिंगी रंगाच्या, जमिनीवर वावरणाऱ्या बेडकाचे वर्णन २०१० मध्ये झाले. माथ्यावर वेगळे काही सापडले तर ते नवे असण्याची शक्यता चांगली असते, हे पथकाला ठाऊक होते, आणि नेमकी हीच अपेक्षा त्याला घाईकडे नेऊ शकत होती.

या रांगेत त्या वंशाचा एकच बेडूक नावानिशी नोंदलेला होता. एकोणिसाव्या शतकात एका प्रवासी संग्राहकाने पाठवलेल्या एकाच नमुन्यावरून त्याचे वर्णन झाले होते आणि ठिकाण म्हणून केवळ रांगेचे नाव दिलेले होते. पुढच्या अभ्यासकांनी मधल्या उतारांवरच्या जंगलात सर्रास आढळणाऱ्या बेडकाला ते नाव लावले, आणि याद्या, नकाशे, जनुकीय माहितीचे सार्वजनिक साठे या सगळ्यांत ते तसेच रुजले.

समस्या

माथ्यावरचा बेडूक हाती घेतला तर थूथनापासून गुदद्वारापर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. पाठीवर बारीक दाणे, पाय आखूड, बोटांच्या टोकांवर झाडावर चढणाऱ्या बेडकांसारख्या रुंद चकत्या जवळजवळ नाहीतच. नर गवताच्या ठोंबाच्या बुडाशी, शेवाळात अर्धवट रुतून साद घालतो. आवाज ऐकू येतो तिथे गवत दूर सारले तरी तो दिसत नाही, कारण पावलाचा हादरा पोचताच तो गप्प होतो आणि गवताच्या मुळांमध्ये मागे सरकतो. मधल्या उतारावरचा बेडूक याहून मोठा, लांब पायांचा आणि झुडपांच्या पानांवर बसणारा. दोघांना एक समजण्याची शक्यताच नव्हती.

पथकाने उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अशा दोन शिखरांवरून बेडूक पाहिले होते. मायटोकॉन्ड्रियातील १६एस या जनुकाच्या तुलनेत दोन्ही शिखरांचे बेडूक मधल्या उतारावरच्या बेडकापासून स्पष्टपणे दूर निघाले. या जनुकात सुमारे तीन टक्के फरक दिसला तर बेडकांमध्ये वेगळ्या प्रजातीची शंका घ्यावी, असा एक ढोबळ संकेत अभ्यासक पाळतात. इथला फरक त्याहून बराच अधिक होता. खरी अडचण दोन शिखरांमध्ये होती. त्यांच्यातला फरक त्या संकेताच्या उंबरठ्यावर होता आणि दिसायला दोघे जवळपास सारखे होते.

यातून तीन प्रश्न उभे राहिले. दोन्ही शिखरांवर एकच प्रजाती आहे की दोन? एवढ्याशा जागेतून वर्णनासाठी किती बेडूक घ्यायचे? आणि तिसरा प्रश्न सुरुवातीला कोणाच्या मनातही नव्हता: ते जुने नाव नक्की कोणत्या बेडकाचे आहे? तो आला संग्रहालयाकडून. तुलनेसाठी जुन्या नमुन्याची मोजमापे मागवली असता संग्रहपालांनी छायाचित्रांसोबत कळवले की या नमुन्याच्या बोटांवर रुंद चकत्या दिसत नाहीत. मधल्या उतारावरच्या बेडकाच्या बोटांवर त्या ठळक असतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: माथ्यावरचे सगळे बेडूक एकच नवी प्रजाती मानून लगेच वर्णन प्रसिद्ध करणे. पुरावा अपुरा होता असे कोणी म्हटले नसते. नाव ग्राह्य धरले जाण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या अटी मोजक्या आहेत. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रजातीच्या नावासाठी होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचे बांधले जाते तो नमुना, स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे सांगावे लागते. इतर प्रजातींपासून वेगळेपण शब्दांत मांडावे लागते. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या प्रकाशनाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी लागते. वर्णन बरोबर आहे की चूक, याचा निवाडा संहिता करत नाही. तो संशोधकाच्या विवेकावर राहतो, आणि म्हणूनच अटी पूर्ण झाल्या यावर समाधान मानणे मला अपुरे वाटते.

दुसरा पर्याय म्हणजे नाव न देता दोन्ही समूह ‘संभाव्य प्रजाती’ म्हणून प्रसिद्ध करणे. मादागास्करच्या बेडकांवरील २००९ च्या एका कामात अशा समूहांची पुष्टी झालेले, पुष्टी न झालेले आणि एकाच प्रजातीतील खोलवर वेगळे झालेले वंशप्रवाह अशी वर्गवारी करण्यात आली होती. ही वाट प्रामाणिक आहे; पण नाव नसलेल्या बेडकाला संरक्षणाच्या याद्यांमध्ये जागा मिळणे अवघड जाते.

तिसरा पर्याय वेळखाऊ होता: जुना नमुना प्रत्यक्ष तपासून जुन्या नावाचा निकाल लावायचा आणि मगच नवे नाव द्यायचे. त्याला विरोध करणारा युक्तिवाद दुबळा नव्हता. जगातील सुमारे ४१ टक्के उभयचर प्रजाती धोक्यात असल्याचे २०२३ च्या जागतिक मूल्यांकनात दिसले, आणि २००४ नंतर परिस्थिती खालावलेल्या प्रजातींमागे हवामानबदल हे मोठे कारण ठरले. माथ्यावरच्या प्राण्याला आणखी वर सरकायला जागा उरत नाही. कोस्टा रिकाच्या मोंतेव्हेर्दे येथील सोनेरी भेक १९८९ नंतर कोणालाही दिसलेला नाही. नावाची वाट पाहताना बेडूकच गेला तर काय, हा प्रश्न पथकातील तरुण सदस्याने बैठकीत मांडला आणि तो रास्त होता.

त्यातच याच रांगेतील मधल्या उतारांवर दुसरे एक पथक काम करत असल्याचे कळले. कोण आधी प्रसिद्ध करतो यावर नावाचे अग्रस्थान ठरते, त्यामुळे घाईचा मोह वाढला. संहितेला जोडलेली नीतिसूत्रे मात्र सांगतात की तोच प्राणी दुसऱ्या संशोधकाने ओळखला आहे आणि तो त्याला नाव देणार आहे असे वाटण्यास कारण असेल, तर त्याला कळवल्याशिवाय व पुरेसा वेळ दिल्याशिवाय आपण नाव प्रसिद्ध करू नये.

घेतलेले निर्णय

मुख्य संशोधिकेने आधी दुसऱ्या पथकाला पत्र लिहिले. उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले: त्यांना माथ्यावरच्या बेडकांत रस नव्हता, पण मधल्या उतारावरच्या बेडकाच्या आवाजाची उत्तम ध्वनिमुद्रणे त्यांच्याकडे होती. एका पत्राने स्पर्धा संपली आणि तुलनेची सर्वांत दुबळी बाजू भरून निघाली.

नमुने किती घ्यायचे यावर अधिक वाद झाला. छायाचित्रे आणि त्वचेवरचा स्वॅब एवढ्यावर भागवावे असे काहींचे मत होते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मार्लेयिमिया झायलोकोपी या माशीचे वर्णन जतन केलेला नमुना नसताना, केवळ छायाचित्रांवरून झाले आणि त्यावर मोठा वाद पेटला. २०१७ मध्ये संहितेची जबाबदारी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अशा वर्णनाला पूर्ण बंदी न घालता, त्यामागची कारणे नीट मांडावीत अशी शिफारस जोडली. बेडकांच्या बाबतीत मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. या प्रकरणाचा सगळा निकाल दीडशे वर्षांच्या आसपास जपून ठेवलेल्या एका शरीरावर लागला, हे पुढे दिसेलच. शेवटी पथकाने प्रत्येक शिखरावरून दोन्ही लिंगांचे मोजकेच प्रौढ बेडूक घेण्याचे ठरवले. नर सादेवरून सापडतात. माद्या शोधायला अनेक पट वेळ लागतो, तरीही त्यांच्याशिवाय वर्णन अर्धवट राहते म्हणून तो वेळ दिला गेला.

काम ठरलेल्या क्रमाने झाले, आणि या क्रमाला महत्त्व आहे. आधी जिवंतपणीचे रंग टिपले, कारण अल्कोहोलमध्ये गेल्यावर हिरवा आणि पिवळा रंग लवकर उडतो. मग बेंझोकेन हे बधिर करणारे औषध लावून बेडकाला वेदनारहित मरण दिले, यकृताचा छोटा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवला आणि त्यानंतरच शरीर फॉर्मलिनमध्ये घट्ट केले. फॉर्मलिन शरीराचा आकार टिकवते पण डीएनए निकामी करत जाते; म्हणून ऊती आधी, फॉर्मलिन नंतर. बूट आणि जाळ्या शिखर बदलताना ब्लीचने धुतल्या गेल्या, कारण थंड हवेत फोफावणारी, बेडकांच्या त्वचेला जीवघेणा रोग करणारी कायट्रिड बुरशी एका शिखरावरून दुसऱ्यावर पोचवणारे वाहन संशोधकाचा बूटही असू शकतो.

दोन शिखरांचा प्रश्न सुटला तो आवाजाने. सादेतील स्पंदांचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, तर मुख्य वारंवारता बहुधा शरीराच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे तापमानाची नोंद नसलेले ध्वनिमुद्रण तुलनेला फारसे उपयोगी पडत नाही. पथकाने प्रत्येक सादेबरोबर तापमान लिहून ठेवले होते, आणि समान तापमानाला दोन्ही शिखरांच्या सादांची रचनाच निराळी निघाली: उत्तरेचा नर स्पंदांची एक लांब, सलग साद देतो आणि दक्षिणेचा तुटक तुकड्यांची. पाठोपाठ केंद्रकीय जनुकांनीही दोन समूह वेगळे दाखवले. हा पुरावा आवश्यक होता, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केवळ आईकडून येतो आणि जुन्या संकरामुळे तो दिशाभूल करू शकतो.

आता जुना नमुना. संशोधिका संग्रहालयात गेली तेव्हा बरणीत एकच आक्रसलेला, तपकिरी पडलेला बेडूक होता; पोट मधोमध चिरलेले, उजव्या पुढच्या पायाचे एक बोट वाकलेले, आणि दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर शाईने रांगेचे नाव. पाय आखूड होते. बोटांची टोके तिने भिंगाखाली पुन्हापुन्हा पाहिली. चकत्या सुकून आक्रसल्या असतील ही शंका होती. संग्रहालयाने नमुन्याला धक्का न लावता क्ष-किरणांचे त्रिमितीय चित्रण करून दिले आणि त्यात बोटांची शेवटची हाडे दिसली. रुंद चकत्या असलेल्या बेडकांत ती टोकाशी फाकतात. या नमुन्यात ती साधी, निमुळती होती. नमुना माथ्यावरचा होता.

पण कोणत्या माथ्यावरचा? इथे जुन्या काळाचीच मदत झाली. नमुने टिकवण्यासाठी फॉर्मलिनचा वापर १८९० च्या दशकात सुरू झाला, आणि हा नमुना त्याआधी थेट मद्यार्कात गेलेला होता. म्हणून मांडीच्या स्नायूच्या अगदी लहान तुकड्यातून डीएनएचे आखूड तुकडे मिळवण्याची परवानगी संग्रहालयाने दिली. ते उत्तरेच्या शिखरावरील बेडकाशी जुळले. संग्राहकाच्या छापील प्रवासवर्णनात त्या शिखरावरून जाणाऱ्या खिंडीचा उल्लेख आहेच.

निष्कर्ष उलटा लागला. उत्तरेचा बेडूक, ज्याला सगळे नवा समजत होते, त्याला शतकाहून अधिक काळ नाव होते. मधल्या उतारावरचा सर्वपरिचित बेडूक निनावी होता. दक्षिणेच्या शिखरावरचा बेडूक खरोखर नवा होता.

यातून आणखी एक निर्णय घ्यावा लागला. रुजलेला वापर टिकवण्यासाठी आयोगाकडे अर्ज करून, जुना नमुना बाजूला ठेवून मधल्या उतारावरचा बेडूकच त्या नावाचा धारक ठरवावा, अशी विनंती करता आली असती. प्राण्याचे नाव औषधशास्त्रात किंवा शेतीत शेकडो ठिकाणी वापरात असेल तर असा अर्ज योग्य ठरतो. येथे ते नाव मुख्यतः याद्यांमध्ये होते आणि नमुना सुस्थितीत, ओळखता येण्याजोगा होता. पथकाने अग्रक्रमाचा साधा नियम पाळला, आणि मला तो निर्णय पटतो.

निष्पत्ती

एकाच शोधनिबंधात तीन गोष्टी प्रसिद्ध झाल्या: उत्तरेच्या बेडकाचे नव्याने केलेले वर्णन, मधल्या उतारावरच्या बेडकाला दुसऱ्या पथकासोबत संयुक्तपणे दिलेले नवे नाव, आणि दक्षिणेच्या शिखरावरील नवी प्रजाती. होलोटाइप त्या देशाच्याच राष्ट्रीय संग्रहात ठेवला गेला. दक्षिणेच्या बेडकाचे नाव पायथ्याच्या लोकांच्या भाषेत त्या शिखराला जे म्हणतात त्यावरून, त्यांना विचारून, ठेवले.

ठिकाणाची अचूक भौगोलिक स्थिती छापायची की नाही, यावर संपादकांशी पत्रव्यवहार झाला. लाओसमधील एका पाणसरड्याचे (न्यूट या शेपटीवाल्या उभयचराचे) वर्णन २००२ मध्ये झाल्यावर, त्यातील माहितीच्या आधारे व्यापारी त्या ओढ्यांपर्यंत पोचले होते. इथला बेडूक दिसायला आकर्षक नाही, पण गवताचा पट्टा इतका लहान आहे की हौशी छायाचित्रकारांच्या पावलांनीही तो तुडवला जाईल. शेवटी शिखराचे नाव आणि उंची छापली, नेमके अंश-कला संग्रहालयाच्या नोंदीत ठेवले.

सर्वांत गंभीर परिणाम संरक्षणाच्या बाजूने झाला. जुने नाव धोक्यात नसलेल्या प्रजातीचे म्हणून नोंदलेले होते, कारण ती माहिती मधल्या उतारावरच्या, दूरवर पसरलेल्या बेडकाची होती. आता तेच नाव एका माथ्यापुरत्या बेडकाचे झाले आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचीच माहिती राहिली. धोक्यातील प्रजातींची जागतिक यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या निकषांत केवळ क्षेत्र लहान असणे पुरत नाही. आढळक्षेत्र १०० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी असले तरी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवण्यासाठी अधिवासाची किंवा संख्येची घसरण यांसारख्या आणखी अटींचा पुरावा लागतो. असा पुरावा दोन्ही शिखरांसाठी गोळा झालेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

जुना नमुना सगळ्यात आधी तपासायला हवा होता. पथकाने पहिल्यांदा पुस्तकी नावावर विसंबून मधल्या उतारावरच्या बेडकाशी तुलना केली, आणि जनुकीय कामाचा मोठा भाग त्या गृहीतावर आखला गेला. संग्रहालयाला लिहिलेले पत्र मोहिमेच्या तयारीतच गेले असते तर उत्तरेच्या शिखरावरून नमुने घेताना वेगळा विचार झाला असता. ज्याला नाव आहे आणि होलोटाइपही आहे, त्याचे कदाचित आणखी कमी नमुने पुरले असते.

त्वचेचे स्वॅब पहिल्या फेरीपासून घ्यायला हवे होते. बूट धुण्याची काळजी घेतली गेली, पण बुरशी आधीच माथ्यावर आहे की नाही हे पाहण्याचे साधन हाती असून वापरले गेले नाही. आता घेतलेल्या स्वॅबशी तुलना करायला सुरुवातीची नोंदच नाही. स्वयंचलित ध्वनिमुद्रकही तसेच: वर्षभर साद टिपणारे एक यंत्र प्रत्येक शिखरावर ठेवले असते तर साद कोणत्या महिन्यात सुरू होते, किती नर साद देतात, याचा आधार मूल्यांकनाला मिळाला असता.

सार्वजनिक साठ्यांतील जुन्या जनुकीय नोंदी अजून जुन्याच नावाखाली आहेत. त्या बदलण्याचा अधिकार ज्याने दिल्या त्यालाच असतो, म्हणून पथक प्रत्येकाला वेगळे पत्र लिहीत आहे.

रांगेत तिसरे एक शिखर अजून पाहिलेले नाही. या वेळी क्रम उलटा ठेवला आहे: त्या प्रदेशातून वर्णन झालेल्या, याच वंशात येऊ शकणाऱ्या सर्व जुन्या नावांची यादी आधी केली, आणि प्रत्येकाचा नमुना कुठे व कोणत्या अवस्थेत आहे ते विचारले. एका नावाचा नमुना सापडत नाही. तो हरवल्याचे ठरले आणि नावाचा घोळ अन्य मार्गाने सुटला नाही, तर त्या नावासाठी निओटाइप, म्हणजे हरवलेल्या नमुन्याच्या जागी नवा नमुना, नेमावा लागेल, आणि तो मूळ ठिकाणाच्या शक्य तितक्या जवळून घ्यावा लागतो. म्हणून पुढची मोहीम माथ्यावरून न करता त्या जुन्या वर्णनातल्या दरीतून चढत जाण्याचे ठरले आहे.